फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे का, हे कोडमधून ओळखताना

आपला प्रश्न मी असा समजलो आहे. विंडोजवर चालणारा आपला पायथनमधील प्रोग्रॅम दर काही मिनिटांनी नेटवर्कवरील एक सामायिक फोल्डर तपासतो, तिथे आलेल्या एक्सेल आणि सीएसव्ही फाइली वाचतो, त्यांतील नोंदी डेटाबेसमध्ये भरतो आणि काम झालेली फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवतो. एखादी फाइल त्या वेळी कोणी उघडून बसले असेल तर ती सोडून पुढे जावे, म्हणून आपण एक फंक्शन लिहिले आहे. ते फाइल वाचण्यासाठी उघडते, उघडली की लगेच बंद करते आणि ‘मोकळी आहे’ असे उत्तर देते. तरीही तीन तक्रारी उरल्या आहेत. फंक्शन ‘मोकळी’ म्हणते आणि पुढे फाइल हलवताना पर्मिशन एरर येतो. कधी कधी तीच फाइल दोन्ही फोल्डरमध्ये सापडते आणि तिच्यातील नोंदी दोनदा भरल्या जातात. आणि क्वचित एखादी मोठी सीएसव्ही अर्धवटच वाचली जाते. ‘फाइल उघडी आहे की नाही हे खात्रीने सांगणारे फंक्शन कसे लिहावे?’ असे आपण विचारले आहे.

मला वाटते, या तीन तक्रारींची कारणे तीन निरनिराळी आहेत आणि तसे फंक्शन कितीही चांगले लिहिले तरी त्यांतील एकही पूर्णपणे जाणार नाही. अशा प्रकारच्या फाइल गोळा करणाऱ्या प्रोग्रॅमांवर मी बरीच वर्षे काम करतो आहे आणि सुरुवातीला मीही हेच फंक्शन लिहिले होते, म्हणून ते का पुरत नाही हे जरा विस्ताराने सांगतो.

पहिली गफलत ‘उघडी’ या शब्दातच आहे. वापरणाऱ्याच्या दृष्टीने फाइल पडद्यावर दिसत असेल तर ती उघडी असते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या दृष्टीने मात्र एखाद्या प्रक्रियेकडे, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमकडे, त्या फाइलचे हँडल (फाइल उघडल्यावर सिस्टिमने दिलेला तिचा ताबा) असेल तरच ती उघडी असते. विंडोजमधील जुने साधे नोटपॅड घ्या, त्यात एखादी सीएसव्ही उघडा, खिडकी तशीच राहू द्या आणि दुसरीकडून त्या फाइलचे नाव बदलून पाहा. नाव विनातक्रार बदलते, कारण नोटपॅड सगळा मजकूर मेमरीत घेते आणि हँडल तेव्हाच सोडून देते. एक्सेलमध्ये हाच प्रयोग केला तर नाव बदलता येत नाही, कारण एक्सेल वर्कबुक बंद होईपर्यंत हँडल धरून ठेवते. म्हणजे माणसाच्या लेखी दोन्ही फाइली उघड्या असल्या तरी सिस्टिमच्या लेखी त्यांपैकी एकच उघडी आहे, आणि नोटपॅडमधली फाइल जगातल्या कोणत्याही तपासणीने ‘उघडी’ म्हणून पकडता येणार नाही. तो वापरणारा माणूस तासाभराने ‘सेव्ह’ करील तेव्हा जुन्याच नावाची फाइल आपल्या फोल्डरमध्ये पुन्हा तयार होईल. हा धोका खरा आहे, पण त्याचा उपाय फाइल उघडी आहे का हे पाहण्यात नाही. तीच नोंद पुन्हा आली तर डेटाबेसने ती ओळखावी, अशी नोंदींची ओळखखूण ठेवण्यात आहे.

आता हँडल धरलेल्या फाइलींकडे वळू. विंडोजमध्ये फाइल उघडताना प्रत्येक प्रोग्रॅम कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, दोन गोष्टी सांगतो. एक, मला या फाइलचे काय करायचे आहे: वाचायची, लिहायची की हटवायची. दुसरी, मी ही फाइल धरून असेपर्यंत इतरांनी तिचे काय केलेले मला चालेल: वाचलेले, लिहिलेले, हटवलेले, की यांपैकी काहीच नाही. नवीन कोणी फाइल उघडायला आला की कर्नल दोन्ही बाजूंनी ताळा पाहते. आधीच्यांनी दिलेल्या सवलतीत नव्याचे काम बसले पाहिजे आणि नव्याने देऊ केलेल्या सवलतीत आधीच्यांचे चालू काम बसले पाहिजे. दोहोंपैकी एकही बसले नाही तर ३२ क्रमांकाचा एरर येतो. या दुसऱ्या बाजूचा बहुतेकांना विसर पडतो, आणि मग ‘मला तर फक्त वाचायचे आहे, तरी एरर का?’ असा प्रश्न उभा राहतो. सी शार्पमध्ये हे नेहमी घडते. एक्सेलमध्ये उघडी असलेली फाइल वाचायला घ्यायची आणि इतरांना फक्त वाचण्याची सवलत द्यायची, तर ती उघडत नाही, कारण एक्सेलकडे लिहिण्याचा हक्क असताना ‘दुसरे कोणी लिहीत असेल तर मला चालणार नाही’ असे आपण सांगत असतो. तीच फाइल इतरांना वाचण्याची आणि लिहिण्याची दोन्ही सवलती देऊन उघडली की उघडते.

नाव बदलणे आणि हलवणे ही दोन्ही कामे या हिशेबात हटवण्याच्या हक्कात मोडतात. आपल्या पहिल्या तक्रारीचे मूळ इथेच आहे. पायथनचे नेहमीचे ‘ओपन’ विंडोजवर फाइल उघडताना इतरांना वाचण्याची आणि लिहिण्याची सवलत देते, त्यामुळे एक्सेलने धरलेली फाइलही त्याला वाचायला मिळते आणि आपले फंक्शन प्रामाणिकपणे ‘मोकळी’ म्हणते. त्यानंतर आपण ती हलवायला जाता, त्यासाठी हटवण्याचा हक्क लागतो, एक्सेलने तो इतरांना दिलेला नसतो आणि एरर येतो. तपासणी आणि काम यांच्यामध्ये कोणी फाइल उघडली असेल, असा आपला अंदाज होता. तसे घडूही शकते, पण बहुतेक वेळा फाइल आधीपासूनच उघडी होती. आपण तिला विचारले एक आणि करायला गेलो दुसरे.

तरीही ती मधली फट खरी आहे आणि तिचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फंक्शनने फाइल उघडली, बंद केली आणि उत्तर परत दिले. ते उत्तर आपल्या हातात पडले त्या क्षणी फाइलवर आपला काहीच ताबा नसतो. उत्तर बरोबर होते, पण ते भूतकाळाचे. त्या फटीची लांबी मिलिसेकंदांची असली तरी दिवसाला हजारो फाइली हाताळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती कधीतरी सापडतेच. ‘फाइल उघडी आहे का’ या प्रश्नाला टिकाऊ उत्तर नाही. टिकाऊ असतो तो ताबा. म्हणून जे काम करायचे आहे ते थेट करून पाहावे, सिस्टिमने नकार दिला तर तो नकार नीट वाचावा, आणि होकार दिला तर मिळालेले हँडल किंवा मिळालेली फाइल काम संपेपर्यंत हातची सोडू नये.

दुसऱ्या तक्रारीत, म्हणजे फाइल दोन्हीकडे दिसण्यात, पायथनच्या ‘शटिल’ मॉड्यूलमधील ‘मूव्ह’ या फंक्शनचा हात आहे, असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. हे फंक्शन आधी साधे नामांतर करून पाहते. ते कोणत्याही कारणाने फसले, तर फाइल वेगळ्या ड्राइव्हवर न्यायची असावी असे धरून आधी नक्कल करते आणि मग मूळ फाइल हटवते. आता एक्सेलमध्ये उघड्या असलेल्या फाइलीचे काय होते ते पाहा. नामांतर फसते, कारण हटवण्याचा हक्क नाही. नक्कल यशस्वी होते, कारण वाचण्याची सवलत आहे. मग मूळ फाइल हटवणे पुन्हा फसते आणि पर्मिशन एरर येतो. शेवटी नक्कल एका फोल्डरमध्ये, मूळ दुसऱ्या फोल्डरमध्ये, आणि पुढच्या फेरीत आपला प्रोग्रॅम मूळ फाइल नवीन समजून पुन्हा वाचतो. विंडोजच्या स्वतःच्या हलवण्याच्या फंक्शनलाही वेगळ्या ड्राइव्हवर नेण्याची मुभा दिली तर तेच होते, आणि तिथे तर मूळ फाइल हटवता आली नाही तरी काम यशस्वी झाल्याचेच उत्तर मिळते. म्हणून अशा कामात ‘शटिल’ ऐवजी ‘ओएस’ मॉड्यूलमधील साधे ‘रिनेम’ वापरावे. ते विंडोजवर एक तर पूर्ण होते किंवा अजिबात होत नाही. त्याच नावाची फाइल तिकडे आधीच असेल तर ती पुसत नाही. आणि ड्राइव्ह वेगळा असेल तर गुपचूप नक्कल न करता १७ क्रमांकाचा एरर देते.

यातूनच तपासणीचा खरा मार्ग निघतो. त्याच सामायिक फोल्डरच्या आत ‘कामात’ अशा नावाचा एक उपफोल्डर करावा आणि फाइल वाचायला घेण्यापूर्वी साध्या नामांतराने तिथे न्यावी. नामांतर झाले तर त्या क्षणी, हटवण्याची सवलत न देणारे कोणीही ती फाइल धरून बसलेले नव्हते हे सिद्ध झाले, आणि फाइल आपल्या ताब्यातही आली. आपल्या प्रोग्रॅमच्या दोन प्रती एकाच वेळी चालत असतील तर त्यांतील एकीलाच ती मिळेल. नामांतर फसले तर ती फाइल सोडून पुढे जावे आणि पुढच्या फेरीत पाहावे. तपासणी आणि ताबा एकाच कृतीत होतात, मध्ये फट राहत नाही. इतरांना हटवण्याची सवलत देऊन फाइल उघडणारे प्रोग्रॅम या जाळ्यातून सुटतात, हे मात्र ध्यानात ठेवावे. अँटिव्हायरस आणि शोधासाठी सूची करणाऱ्या सेवा बहुधा अशा सवलतीनेच फाइल उघडतात आणि त्यांच्या असण्याने आपल्या कामात बाधा येत नाही.

नकार वाचण्याबद्दल एक बारकावा सांगायला हवा. पायथनमध्ये दोन अगदी वेगळ्या कारणांसाठी एकच पर्मिशन एरर येतो आणि दोन्ही वेळा त्याचा ‘एररनो’, म्हणजे एररचा सामान्य क्रमांक, १३ असतो. फरक विंडोजचा स्वतःचा एरर क्रमांक देणाऱ्या ‘विनएरर’ या गुणधर्मात असतो; मात्र तो नामांतर किंवा हटवणे अशा ‘ओएस’ मॉड्यूलच्या कृतींत मिळतो, साध्या ‘ओपन’ने उघडताना किंवा वाचताना रिकामा असतो. तिथे ३२ असेल तर फाइल कोणीतरी धरून आहे आणि थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे. तिथे ५ असेल तर बहुधा हक्कच नाहीत, फाइल फक्त वाचण्यासाठी असल्याची खूण तिच्यावर आहे किंवा ज्या मार्गावर (पाथवर) आपण फाइल समजून काम करतो आहोत तो फोल्डर आहे. तिथे दिवसभर थांबले तरी काही होणार नाही आणि माणसाला कळवणे हेच योग्य. विंडोजचा मूळ एरर ३३ असेल तर फाइल उघडली गेली आहे पण तिचा काही भाग दुसऱ्याने लॉक केला आहे. हा एरर उघडताना येत नाही, वाचताना किंवा लिहिताना येतो, त्यामुळे फक्त उघडण्याभोवती एरर पकडणारा कोड त्याला चुकतो. क्वचित फाइल लहान करताना विंडोज १२२४ हा एरर देते; त्याचा अर्थ कोणत्या तरी प्रक्रियेने ती फाइल मेमरीत जोडून ठेवली आहे. हे सगळे ‘फाइल वापरात आहे’ अशा एकाच संदेशाखाली दडपणारा कोड मी वारंवार पाहतो, आणि त्यामुळे हक्कांचा साधा दोष आठवडेच्या आठवडे ‘कोणीतरी फाइल उघडी ठेवते’ या नावाखाली लपून राहतो.

आणि ३२ आला म्हणजे दुसराच प्रोग्रॅम दोषी आहे असेही नाही. विंडोजचा संदेश ‘दुसरी प्रक्रिया ही फाइल वापरत आहे’ असे म्हणत असला, तरी धरून ठेवणारे हँडल आपल्याच प्रक्रियेचे असू शकते, कारण ताळा पाहताना कर्नल प्रक्रिया कोणाची हे विचारात घेत नाही. एक्सेल फाइली वाचण्यासाठी आपण ‘ओपनपायएक्सएल’ वापरत असाल आणि वर्कबुक ‘रीड-ओन्ली’ पद्धतीने उघडत असाल, तर ते ओळी लागतील तशा वाचते आणि स्पष्टपणे ‘क्लोज’ म्हणेपर्यंत फाइल सोडत नाही. वाचन संपले, व्हेरिएबल वापरातून गेले, तरी हँडल तसेच राहू शकते आणि काम झालेल्या फाइलींच्या फोल्डरमध्ये फाइल हलवताना ३२ येतो. सर्वांत आधी स्वतःच्या कोडमध्ये उघडलेली प्रत्येक फाइल कुठे बंद होते ते शोधावे. माझ्या अनुभवात अशा तक्रारींचा बराच मोठा भाग इथेच मिटतो.

तपासणी निरुपद्रवी असते हा समजही सोडून द्यावा लागतो. सुरुवातीच्या काळात मी लिहिलेली एक सेवा दर दोन सेकंदांनी प्रत्येक फाइल कोणालाही कसलीच सवलत न देता उघडून पाहत असे. काही दिवसांनी लोक सांगू लागले की एक्सेलमध्ये ‘सेव्ह’ करताना मधूनच नकार येतो. एक्सेल सेव्ह करताना त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या नावाची तात्पुरती फाइल लिहिते आणि मग नावांची अदलाबदल करून ती मूळ फाइलीच्या जागी बसवते. नेमक्या त्या क्षणी माझी सेवा फाइल धरून बसलेली असे. पाहण्यासाठी उघडलेली फाइल ही त्या क्षणापुरती इतरांसाठी बंद झालेली फाइल असते, हे तेव्हा मला नीट उमगले. त्याहून गंभीर धोका लिहिण्याच्या पद्धतीने तपासण्यात आहे. ‘लिहिता येते का पाहू’ म्हणून ‘डब्ल्यू’ मोडमध्ये फाइल उघडली, तर ती उघडता क्षणीच शून्य बाइटची होते. फाइल मोकळी असल्याचे कळते, पण तोवर तिच्यातला मजकूर गेलेला असतो. तपासायचेच असेल तर अस्तित्वात असलेली फाइल न पुसता उघडणारी पद्धत, म्हणजे पायथनमध्ये ‘आर प्लस’, तीच वापरावी.

आतापर्यंतचे थोडक्यात असे: आपली पहिली तक्रार वाचण्याची परवानगी तपासून हटवण्याचे काम करण्यातून आली आहे, दुसरी ‘मूव्ह’च्या नक्कल करून हटवण्याच्या सवयीतून, आणि दोन्हींवर एकच उपाय आहे, तो म्हणजे वाचण्याआधी त्याच ड्राइव्हवर साध्या नामांतराने ताबा घेणे.

तिसरी तक्रार, अर्धवट वाचलेल्या सीएसव्हीची, वेगळ्या जातीची आहे. इथे खरा प्रश्न ‘फाइल उघडी आहे का’ हा नसून ‘फाइल पूर्ण झाली आहे का’ हा आहे. या दोन गोष्टी एक नाहीत. पाठवणारा प्रोग्रॅम थोडे लिहून फाइल बंद करीत असेल आणि पुन्हा उघडून पुढचा भाग जोडत असेल, तर मधल्या काळात फाइल सिस्टिमच्या लेखी पूर्ण मोकळी आणि तरीही अपुरी असते. नेटवर्क मध्येच तुटले तर अर्धी आलेली फाइल कायमचीच मोकळी असते. पुष्कळ जण आकार पाहून निर्णय घेतात: दोन वेळा पाहिले आणि आकार तोच असला तर फाइल आली. हा आधार कच्चा आहे. काही कॉपी करणारे प्रोग्रॅम सुरुवातीलाच पूर्ण आकाराची जागा राखून ठेवतात, त्यामुळे पहिल्या सेकंदापासून आकार पूर्णच दिसतो. आणि पाठवणारा मध्येच अडखळला तर अपुऱ्या फाइलीचा आकारही कितीतरी वेळ स्थिर राहतो.

पाठवणारा प्रोग्रॅम आपल्या किंवा आपल्या ओळखीच्या हातात असेल, तर यावर पक्का उपाय आहे आणि तो सोपाही आहे. त्याने फाइल आधी वेगळ्या नावाने, उदाहरणार्थ शेवटी ‘पार्ट’ जोडून, त्याच फोल्डरमध्ये लिहावी, पूर्ण लिहून बंद करावी आणि मगच तिला खरे नाव द्यावे. आपला प्रोग्रॅम ‘पार्ट’ असलेल्या फाइलींकडे पाहतच नाही. एकाच ड्राइव्हवरचे नामांतर अर्धवट होत नसल्याने खऱ्या नावाची फाइल दिसली म्हणजे ती पूर्णच असते. नामांतर शक्य नसेल, तर मुख्य फाइलीनंतर एक छोटी खूणफाइल ठेवण्याची पद्धतही चालते, फक्त खूणफाइल शेवटी लिहिली जाते याची खात्री हवी. ही एक ओळ पाठवणाऱ्याकडून बदलून घेण्यासाठी मी दोन-दोन आठवडे पत्रव्यवहार केला आहे, आणि प्रत्येक वेळी तो वेळ वसूल झाला आहे.

पाठवणारा आपल्या हातात नसेल तर मजकुरावरूनच पूर्णता ठरवावी लागते. नवीन पद्धतीची एक्सेल फाइल ही आतून झिप असते आणि झिपची अनुक्रमणिका फाइलीच्या शेवटी असते. त्यामुळे अर्धी आलेली एक्सेल फाइल बहुधा उघडतच नाही आणि चूक आपोआप उघडकीस येते. सीएसव्हीला असा शेवट नसतो. ती कुठेही तुटली तरी तोवरच्या ओळी वैध दिसतात, आणि म्हणूनच आपल्याकडे फक्त सीएसव्ही अर्धवट वाचल्या जातात. शेवटच्या ओळीनंतर ओळ संपल्याची खूण आहे का हे पाहणे हा किमान आधार झाला. पाठवणाऱ्याकडून शेवटी एकूण नोंदींची संख्या देणारी ओळ मिळाली तर फारच चांगले. आणि सगळ्या नोंदी एकाच व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) डेटाबेसमध्ये भराव्यात, म्हणजे शेवटी संख्या जुळली नाही तर काहीच भरले गेले नाही अशी स्थिती परत आणता येते.

हा प्रोग्रॅम पुढे कधी लिनक्सवर न्यायचा असेल, तर वरचे बरेचसे तर्क तिथे उलटे होतात, हे आत्ताच सांगून ठेवतो. लिनक्सवर उघडी फाइल इतरांना उघडता येते, तिचे नाव बदलता येते, ती हटवताही येते. ३२ सारखा नकार तिथे नाहीच. दुसरा कोणी लिहीत असताना आपण फाइल ‘कामात’ फोल्डरमध्ये नेली, तर नामांतर यशस्वी होईल आणि लिहिणारा त्याच फाइलीत पुढे लिहीतच राहील, कारण त्याचे हँडल नावाशी बांधलेले नसून फाइलीशी बांधलेले असते. तिथे नामांतराने दोन वाचणाऱ्यांपैकी एकाची निवड होते, पण लिहिणारा बाजूला होत नाही. तिथले ‘रिनेम’ समोर त्याच नावाची फाइल असेल तर ती न विचारता बदलून टाकते, हेही लक्षात असू द्यावे. ‘एफलॉक’ आणि ‘एफसीएनटीएल’ या लिनक्सच्या फंक्शनांनी लावलेली लॉक ही परस्पर सामंजस्याची असतात. दोन्ही प्रोग्रॅमांनी ती विचारली तरच त्यांना अर्थ असतो. डॉट नेटमधील ‘कोणालाही सवलत नाही’ हा पर्यायही लिनक्सवर अशाच सामंजस्याच्या लॉकवर उभा आहे, त्यामुळे विंडोजवर खरे उत्तर देणारा तोच कोड तिथे सर्रास ‘मोकळी’ म्हणतो. त्या बाजूला खरा उपयोग ‘इनोटिफाय’ या लिनक्सच्या सूचना देणाऱ्या सोयीचा होतो: लिहिण्यासाठी उघडलेली फाइल बंद झाली की कर्नल स्वतः कळवते. मात्र नेटवर्कवरील फोल्डरमध्ये दुसऱ्या यंत्राने केलेले बदल त्यात दिसत नाहीत. ‘एलएसओएफ’ किंवा ‘फ्यूजर’ या आज्ञा प्रत्येक प्रक्रियेची उघड्या फाइलींची यादी धुंडाळतात. पुरेसे हक्क नसतील तर इतरांच्या प्रक्रिया त्यांना दिसत नाहीत आणि ‘कोणी नाही’ हे उत्तर चुकीचे ठरते.

फाइल कोणी धरली आहे हे जाणून घेण्याची गरज असतेच, पण ती माणसाला सांगण्यासाठी, निर्णयासाठी नव्हे. विंडोज व्हिस्टापासून ‘रीस्टार्ट मॅनेजर’ नावाची सोय आहे. तिला फाइलीचा मार्ग दिला की ती वापरणाऱ्या प्रक्रियांची नावे मिळतात. हाताने शोधायचे असेल तर मायक्रोसॉफ्टच्या ‘सिसइंटर्नल्स’ या साधनसंचातील ‘हँडल’ हे साधन तेच काम करते. ही दोन्ही साधने फक्त ज्या यंत्रावर चालतात तिथल्याच प्रक्रिया पाहतात. आपले फोल्डर नेटवर्कवर आहे, तेव्हा दुसऱ्या टेबलावरच्या संगणकावर एक्सेलमध्ये उघडलेली फाइल आपल्या यंत्राला या मार्गाने दिसणार नाही. ते फाइल सर्व्हरवरच विचारावे लागते, आणि सर्व्हर विंडोजचा असेल तर पॉवरशेलमधील ‘गेट-एसएमबीओपनफाइल’ ही आज्ञा तिथे उघड्या फाइली आणि त्या कोणत्या खात्याने उघडल्या हे दाखवते. तिला प्रशासकाचे हक्क लागतात.

एक्सेल फाइल उघडताना शेजारी ‘लहरी चिन्ह आणि डॉलर’ या दोन अक्षरांनी सुरू होणारी एक लपवलेली छोटी फाइल करते. तिच्यात उघडणाऱ्याचे नाव असते आणि ती पाहून ‘फाइल उघडी आहे’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. संगणक अचानक बंद पडला तर ती फाइल मागे राहते आणि आपला प्रोग्रॅम त्या वर्कबुकला कायमचा हात लावणार नाही, म्हणून मी तिच्यावर निर्णय ठेवत नाही. पण आपल्या शोधाच्या नमुन्यात तिला वगळणे आवश्यक आहे. ‘सर्व एक्सेल फाइली’ मागितल्या की तीही यादीत येते आणि तिला उघडताना आलेला पर्मिशन एरर खऱ्या फाइलीच्या नावावर मांडला जातो.

शेवटी पुन्हा प्रयत्न करण्याविषयी. ३२ आल्यावर पाव सेकंद, मग अर्धा सेकंद, मग एक सेकंद असे तीन प्रयत्न पुरतात. अँटिव्हायरस किंवा तत्सम सेवेची क्षणिक पकड असली तर तेवढ्यात सुटते. त्यानंतरही सुटली नाही तर ती माणसाची पकड आहे असे समजावे आणि त्या फेरीपुरती फाइल सोडून द्यावी. लूपमध्ये अडकून बाकीच्या फाइली अडवून ठेवू नयेत. किती फेऱ्यांनंतर कोणाला कळवायचे हे आपल्या कामाच्या निकडीवर अवलंबून आहे. मी सहसा अर्धा तास थांबतो.

बदल करायला घेण्याआधी एक गोष्ट करावी. आत्ताच्या कोडमध्ये जिथे पर्मिशन एरर पकडला जातो तिथे ‘विनएरर’चा आकडा (असेल तर), पूर्ण मार्ग आणि त्या वेळी चालू असलेली कृती, म्हणजे उघडणे, वाचणे, नामांतर की हटवणे, एवढे लॉगमध्ये लिहायला लावावे आणि दोन-तीन दिवस तसेच चालू द्यावे. आकडा ३२ आणि कृती हटवणे असेल तर ‘मूव्ह’बद्दलचा माझा अंदाज बरोबर आहे; आकडा ५ निघाला तर सामायिक फोल्डरवरील आपल्या सेवेच्या खात्याचे हक्क आधी पाहावे लागतील, आणि मग वर लिहिलेल्यातले बरेचसे आपल्याला लागूच होणार नाही.